विश्लेषण : तानाजी मालुसरे कोंडाण्याचा कडा नेमके कसे चढले?

तानाजी मालुसरे यांची गोष्ट माहीत नसलेला मराठी माणूस सापडणे कठीण. शाळेच्या पुस्तकात ती आहे, पोवाड्यात आहे, अलीकडे मोठ्या पडद्यावरही येऊन गेली. गोष्टीत मुलाचे लग्न असते, घोरपड असते, तुटलेली ढाल असते. पण ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सुमारे तीनशे माणसे उभ्या कड्यावरून गडात पोहोचली कशी, हा प्रश्न बहुतेक वेळा घोरपडीच्या शेपटीला बांधून सोडून दिला जातो. आजचा प्रस्तरारोहक एखादा मध्यम अवघड, अनेक टप्प्यांचा कडा चढण्यापूर्वी कागदावर जी आखणी करतो, तिच्या नजरेने त्या रात्रीकडे पाहिले, तर तानाजींची वेगळीच ओळख होते.

कोण होते तानाजी?

पाचगणीजवळचे गोडवली हे त्यांचे जन्मगाव, असे परंपरा सांगते. पुढचे आयुष्य पोलादपूर तालुक्यातील उमरठ या गावाशी जोडलेले आहे. दोन्ही गावे सह्याद्रीच्या ऐन धारेवरची, एक घाटावर आणि दुसरे घाटाखाली. या मुलखात शेजारच्या गावाला जायचे म्हटले तरी घाट चढावा-उतरावा लागतो. इथल्या माणसाला पायाखालचा दगड पक्का की सुटा, हे शिकवावे लागत नाही.

त्यांच्या बालपणाबद्दल विश्वासाने सांगता येईल असे फार थोडे आहे. लढवय्या म्हणून ते ठसठशीतपणे दिसतात ते कोकणात. १६६१ च्या कोकण मोहिमेत शिवाजी महाराजांनी त्यांना संगमेश्वरला ठेवले होते. शृंगारपूरच्या सुर्व्यांनी तिथे रात्री अचानक हल्ला केला. सोबतचे पिलाजी नीळकंठराव घाबरून पळू लागले, तेव्हा तानाजींनी त्यांना पकडून दोराने एका दगडाला बांधले आणि स्वतः लढत राहिले, असे ‘शिवभारत’ या समकालीन काव्यात आले आहे. प्रसंग काहीसा विनोदी वाटतो. पण रात्रीच्या हल्ल्यात एक जण पळाला की मागून दहा पळतात, हे तानाजींना त्या वेळीच कळलेले होते. नऊ वर्षांनी कोंडाण्यावर हेच पुन्हा घडणार होते.

१६७० पर्यंत ते मावळ्यांच्या पायदळात हजारी, म्हणजे हजार माणसांचे अधिकारी झाले होते.

कोंडाणाच का?

जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. कोंडाणा त्यातलाच. पुढच्या वर्षी आग्र्याची भेट, कैद आणि सुटका झाली. नंतरची तीन-साडेतीन वर्षे वरवर शांततेत गेली आणि १६७० च्या सुरुवातीला तह मोडला. गेलेले किल्ले परत घ्यायचे, तर सुरुवात कुठून करायची?

कोंडाणा पुण्याच्या नैर्ऋत्येला आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची साधारण १,३०० मीटर. गडावरून पुण्याचा सारा मुलूख नजरेत येतो आणि दुसऱ्या बाजूला राजगड दिसतो. राजगड ही तेव्हाची राजधानी. राजधानीसमोरच्या डोंगरावर शत्रूचे निशाण फडकत असताना बाकीचे किल्ले घेण्यात फारसा अर्थ नव्हता. गडावर मोगलांचा किल्लेदार होता उदेभान हा राजपूत. कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीनुसार त्याच्याकडे सुमारे बाराशे माणसे होती, तर तानाजींनी बरोबर नेले पाचशे.

पाचशे विरुद्ध बाराशे, तेही गडावर बसलेले. दरवाजावर चालून जाण्याचा विचार इथेच संपतो.

रस्ता कोणता निवडला?

गडाला जायच्या दोन वाटा होत्या. पुण्याच्या बाजूने एकामागे एक तीन दरवाजे, आणि दुसऱ्या अंगाला कल्याण दरवाजा. दोन्हीकडे पहारा. पश्चिमेला डोणागिरीचा कडा होता, आज त्याला तानाजी कडा म्हणतात. तिथून कोणी येईल, अशी अपेक्षाच नव्हती. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हेच कारण दिले आहे : जी बाजू सर्वांत दुर्गम, तिथे पहारा सर्वांत ढिला.

आजचा आरोहक कडा निवडताना नेमके उलटे बघतो. त्याला सोपी, मळलेली, आधी कोणी तरी चढून नोंद केलेली रेषा हवी असते. पण दोघांचे पहिले काम एकच, खाली उभे राहून कडा वाचणे. भेग कुठून कुठे जाते, उभे राहण्याजोगे टप्पे कुठे आहेत, गवत कुठे आहे (गवत म्हणजे माती, आणि माती म्हणजे निसटणारा पाय), माथ्याजवळ दगड सुटे आहेत का.

पोवाड्यात तानाजी वेष पालटून पायथ्याच्या कोळ्यांना भेटतात आणि गडाची बित्तंबातमी काढतात. पोवाड्यातला तपशील जसाच्या तसा घेता येत नाही, पण हा भाग पटण्याजोगा आहे. कडा कुठून चढतो, हे गुराख्याला आणि मध काढणाऱ्याला जितके ठाऊक असते तितके किल्लेदाराला नसते. आजही सह्याद्रीत एखाद्या अनोळखी घळीची माहिती हवी असेल, तर मोबाइलवरच्या नकाशापेक्षा पायथ्याच्या वाडीतला म्हातारा अधिक उपयोगी पडतो.

खापरखेड्याच्या वाचकाने हा दगड कसा समजावा?

आपल्याकडे कडा असा नाही. खापरखेडा, कोराडी, कन्हानचा हा मुलूख सपाट आहे. सर्वांत उंच दिसतात त्या वीज केंद्रांच्या चिमण्या. तरी सह्याद्रीचा दगड आपल्या ओळखीचा आहे. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या कातळाची आहे, तोच हा कातळ, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा बेसॉल्ट. फरक इतकाच, की इकडे त्याचा थर पातळ होत संपतो आणि तिकडे तो शेकडो मीटर उंच कडे उभे करतो.

थरांमुळे या कड्यांना एक स्वभाव आला आहे. उभी भिंत, मग आडवा टप्पा, त्यावर गवत, पुन्हा भिंत. टप्पे विश्रांतीला बरे, पण त्यावरच सुटे दगड साठतात. कातळ कुठे लोखंडासारखा, तर कुठे हाताने मोडेल असा. शिवाय ओव्हरहँगखाली लटकलेली आग्यामोहोळे. सह्याद्रीत कडा चढताना मधमाश्यांचा धोका उंचीइतकाच खरा आहे. म्हणून अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको.

उंचीवर काम करणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. चिमणीवर असो की टॉवरवर, पहिला प्रश्न कसे चढायचे हा नसतो. पट्टा कशाला अडकवला आहे, हा असतो. कड्यावरही तेच.

टप्प्याटप्प्याने चढणे म्हणजे काय?

कडा एका दोराच्या लांबीपेक्षा उंच असला, की तो तुकड्यांत चढावा लागतो. एका तुकड्याला पिच म्हणतात. आघाडीचा माणूस चढतो, खालचा दोर धरून हळूहळू सोडत राहतो. याला बिले देणे म्हणतात. पारंपरिक पद्धतीत कड्यात आधीपासून ठोकलेले बोल्ट नसतात. आघाडीचा आरोहक चढता चढता भेगांमध्ये धातूच्या पाचरी किंवा कॅम बसवतो आणि दोर त्यात अडकवतो. टप्प्यावर पोहोचला की भक्कम अँकर बांधतो आणि खालच्याला वर घेतो. खालचा येताना सगळ्या पाचरी काढून आणतो. मग पुढचा पिच.

शेवटच्या पाचरीपासून तीन मीटर वर गेलेला माणूस घसरला, तर तीन नव्हे, किमान सहा मीटर खाली येतो. त्यात दोराचा ताण मिळवा. पाचर कुठे बसवायची आणि किती अंतराने, हा पारंपरिक चढाईचा सगळा जीव आहे. नायलॉनचा आजचा दोर ताणला जाऊन धक्का पोटात घेतो. सतराव्या शतकातला वाखाचा किंवा अंबाडीचा दोर तसा ताणत नसे. घसरलेल्याला तो वाचवणे अवघड. कमरेला बांधला असता तर झटक्याने कंबर मोडली असती.

पहिले दोघे कोण होते?

इथे सभासदाची बखर मोलाची ठरते. ती १६९७ मध्ये, घटनेनंतर २७ वर्षांनी जिंजीला लिहिली गेली. तीत घोरपड नाही. तानाजींनी दोन चांगले मर्द मावळे निवडले, ते रात्री वानरांसारखे कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ म्हणजे दोराची शिडी सोडली आणि तिच्यावरून तानाजींसह तीनशे लोक वर गेले, असा तिचा आशय आहे. ग्रँट डफ दोघांऐवजी एकच मावळा सांगतो, बाकी पद्धत तीच.

म्हणजे सरनौबताच्या थाटात तानाजी सर्वांत पुढे चढले नाहीत. हे वाचून काहींचा हिरमोड होईल. मला मात्र यातच त्यांचे मोठेपण दिसते. पाचशे माणसांत सर्वांत चांगले चढणारे कोण, हे सेनापतीला माहीत होते आणि आघाडी त्यांना देण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आजही एखाद्या गटात सर्वांत मोठ्या वयाचा, सर्वांत जास्त फोटो काढणारा किंवा गाडीचे पैसे भरणारा आघाडी घेतो, तेव्हा गडबड होते.

त्या दोघांची नावे सभासदाने दिलेली नाहीत. अंधारात, अनवाणी, पाचर नाही, आधाराचा दोर नाही, आणि वरच्या पहारेकऱ्याला एक दगड निसटल्याचा आवाजही पुरेसा. कड्याचा सर्वांत अवघड भाग त्यांनी चढला. इतरांसाठी तो शिडीचा रस्ता झाला.

मग घोरपड आली कुठून?

ती येते शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून. तिचे यशवंती हे नाव, ती अर्ध्यावरून परत फिरणे, तानाजींनी तिला दरडावणे, हे सगळे पोवाड्याचे. रायबाचे लग्न आणि शेलारमामाही तिथलेच. पोवाड्याचे काम ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणे, आणि ते त्याने तीन शतके चोख केले.

पण वजनाचा हिशेब करून पाहा. आपल्याकडची घोरपड चार-सहा किलोची. ती कपारीत अंग फुगवून घट्ट बसते हे खरे. तिला ओढून काढणे कठीण जाते. म्हणून तिच्या कमरेच्या दोरावर साठ-पासष्ट किलोचा माणूस हिसके देत चढेल, असे होत नाही. शिवाय ती नेमकी हव्या त्या कपारीत जाऊन बसेल, याची हमी कोण देणार? हीच घोरपडीची कथा मुधोळच्या घोरपडे घराण्यात खेळणा किल्ल्याबद्दलही सांगितली जाते. कथा गावोगाव फिरतात, तशी ही फिरली. (आज घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. दोर बांधून प्रयोग करायला गेलात तर थेट तुरुंग.)

रात्र कशी निवडली?

तिथी होती माघ वद्य नवमी. वद्य नवमीचा चंद्र साधारण मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. म्हणजे पायथ्यापर्यंत जाताना पूर्ण अंधार, आणि नंतर अर्धा चंद्र. त्यातही कडा पश्चिमेचा. चंद्र पूर्वेला उगवला, तरी डोंगराच्या सावलीत पश्चिमेची भिंत पुढचे काही तास काळीच राहते, गडमाथ्यावर मात्र लढण्यापुरते दिसू लागते. तिथी मुद्दाम निवडली होती की जुळून आली, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण डोंगरात वाढलेला माणूस चंद्र न बघता रात्रीची मोहीम ठरवेल, असे वाटत नाही.

माघ महिना हवामानालाही योग्य. पाऊस संपून चार महिने झालेले, कातळ कोरडा, शेवाळ वाळलेले, हवा गार आणि रात्र बारा तासांपेक्षा थोडी मोठी. आजही सह्याद्रीत चढाईचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आहे. मार्चनंतर पश्चिमेचा कातळ दुपारी हात ठेवू देत नाही.

आता वेळेचे गणित. एका शिडीवर एका माणसाला दोन मिनिटे धरली, तर तीनशे माणसांना ६०० मिनिटे, म्हणजे दहा तास लागतात. रात्र तिथेच संपली. तेव्हा एकाहून अधिक दोर लागले असणार. चार धरले, तर हेच काम अडीच तासांचे होते. आणि ते दोर पायथ्यापर्यंत वाहून नेणे, वर बांधायला भक्कम झाड किंवा खडक शोधणे, वर पोहोचलेल्यांनी बाकीचे येईपर्यंत श्वास रोखून बसणे, हे सगळे आधी ठरलेले असल्याशिवाय होत नाही. पाचशेपैकी तीनशेच वर पोहोचले असताना गडाला जाग आली.

आज असा कडा चढायचा तर?

आधी एक स्पष्ट करायला हवे. तानाजी कडा हा इतिहासाचा भाग आहे, सरावाची भिंत नाही. कुठल्याही गडावर दोर लावण्याआधी परवानगीची चौकशी करावी. नवख्याने आधी प्रशिक्षण घ्यावे आणि पहिले काही कडे दुसऱ्या क्रमांकावर, अनुभवी आघाडीच्या मागे चढावेत. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी जोडलेल्या संस्था राज्यभर आहेत.

समजा, पाच पिचचा मध्यम कडा आहे आणि दोघे जण आहेत. प्रत्येक पिचला पाऊण ते एक तास धरा. म्हणजे चढाई पाच तास. पायथ्यापर्यंत चाल दीड तास, उतरणे दोन तास. बेरीज साडेआठ, आणि डिसेंबरचा उजेड जेमतेम अकरा तास. गाठ सुटली नाही, रस्ता चुकला, पुढचा गट रेंगाळला, तर राहिलेले अडीच तास कुठे गेले ते कळतही नाही. म्हणून उजाडताना कड्याखाली हजर हवे. तिसरा माणूस घेतला, तर प्रत्येक पिचला वेळ वाढतो. चौघे असतील तर दोन वेगळ्या जोड्या कराव्यात.

परत फिरण्याची वेळ आदल्या संध्याकाळी ठरवा. दुपारी १ वाजेपर्यंत तिसरा पिच संपला नाही, तर खाली यायचे. वर कितीही मोह झाला तरी. कड्यावर थकलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय हा बहुधा निर्णय नसतोच.

दोराचा हिशेब अनेकांचा चुकतो. ६० मीटरचा दोर दुहेरी करून रॅपल केले, तर ३० मीटरच उतरता येते. पिच ४५ मीटरचे असतील आणि दोर एकच असेल, तर मधूनच परतणे शक्य नाही. तेव्हा दोन दोर. सोबत परतीच्या अँकरला सोडून देण्याजोगी पट्टी आणि कॅरॅबिनर, ज्याच्या किमतीकडे पाहून हात आखडू नये. हेल्मेट दोघांनाही, कारण दगड बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच डोक्यावर येतो. हेडलॅम्प दिवसाच्या चढाईलाही. माणशी दोन लिटर पाणी. कुठे जातो आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे घरी किंवा पायथ्याच्या गावात सांगून ठेवणे. अडचण आलीच, तर राज्यात महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचे स्वयंसेवक धावून येतात. पण सह्याद्रीच्या घळीत त्यांना पोहोचायलाही कित्येक तास लागतात.

परतीचे दोर कोणी कापले?

गडावर लढाई पेटली. तानाजी आणि उदेभान समोरासमोर आले. तानाजींच्या डाव्या हातातली ढाल तुटली आणि दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही. कड्यावरून येताना जे अंगावर आणले तेवढेच होते. डावा हात ढालीसारखा पुढे करून ते लढत राहिले. दोघांनी एकमेकांना ठार केले.

सेनापती पडल्यावर मावळ्यांचे पाय मागे वळू लागले. संगमेश्वरला तानाजींनी जे दोराने बांधून थोपवले होते, तेच इथे त्यांच्या माघारी घडत होते. त्यांचे भाऊ सूर्याजी पुढे आले. दोर कापून टाकले आहेत, आता खाली जायला वाट नाही, असे त्यांनी लोकांना बजावल्याची कथा सर्वांना माहीत आहे. सभासद दोराचा उल्लेख करत नाही. सूर्याजींनी धीर देऊन लोकांना सावरले आणि गड घेतला, एवढेच सांगतो. ग्रँट डफकडे मात्र दोर नष्ट केल्याचा धाक आहे. प्रत्यक्ष कापले, की नुसतेच सांगितले? पाचशे माणसांपैकी काही अजून खाली असताना दोर कापणे शहाणपणाचे नव्हते. नुसते सांगणे पुरेसे होते.

एवढे मात्र आजच्या आरोहकाने तानाजींच्या मोहिमेकडून उचलू नये. परतीचा दोर हा त्याचा सर्वांत मोलाचा दोर आहे.

गड हाती आल्यावर पागेच्या खणांना आग लावण्यात आली. तो उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला. गड मिळाल्याचा आनंद तानाजी गेल्याचे कळताच ओसरला. सिंहगड हे नाव या प्रसंगानंतर पडले असे मानले जाते. पण १६६३ च्या एका पत्रात ते आधीच आलेले आहे. पुढच्याच महिन्यात पुरंदरही परत आला.

तानाजींचा देह ज्या घाटाने कोकणात उमरठला नेला, तो मढे घाट, असे वेल्ह्याकडचे लोक सांगतात. उमरठला त्यांची समाधी आहे. कोंडाणा नंतर पुन्हा मोगलांकडे गेला आणि १६९३ मध्ये नावजी बलकवडे यांनी तो परत घेतला. तेही रात्री, कडा चढूनच.